माजलगावच्या पाण्यावर होडीची बॅटरी
सिंदफणेवरील माजलगाव जलाशयात मासेमारीच्या छोट्या होडीला विजेवरची मोटर लावायची, तर आधी बॅटरी पारखावी लागते. गाडीची बॅटरी इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह देते. रोज पार उतरवली की तिच्या पातळ प्लेटा लवकर निकामी होतात. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी हे सोसते, पण जड असते आणि तिची निम्मीच वीज वापरणे हिताचे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या अशा बॅटरीवर २५ अँपिअर ओढणारी मोटर जेमतेम २ तास चालते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी निम्म्याहून हलकी; ८० टक्के वीज वापरली तरी ३ तासांहून जास्त चालते. ती महाग, पण टिकाऊ. बीडच्या उन्हात कोणतीही बॅटरी सावलीत ठेवावी आणि धन तारेला फ्यूज लावावा. वारा उलटला तरी काठ गाठता येईल, एवढी वीज राखूनच हिशेब करावा. होडीतल्या माणसाचा जीव सर्वांत मोलाचा.