हातभर दोरी

‘मराठी विभागासाठी काहीतरी लिही’ असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मला आधी हसूच आलं. पहिली ते दहावी कॉन्व्हेंट! ‘एकोणसाठ’ म्हणजे नक्की किती, हे मी अजूनही मनातल्या मनात इंग्रजीत तपासून घेते. शुद्धलेखन बघून द्यायचं रूममेटने कबूल केलं (फी : दोन वडापाव), म्हणून हे धाडस. विषयही असा, की मेसमध्ये काढला तर लोक ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जातील. बार्बेल नावाचा मासा पकडताना गळाच्या अलीकडची हातभर दोरी कुठली वापरावी?

हसू नका. या हातभर दोरीने मला जे शिकवलं, ते चार सेमिस्टरांत शिकता आलं नव्हतं.

झालं असं, की जून 2024 मध्ये मी मावशीकडे नॉटिंगहॅमला गेले होते. तिथून ट्रेंट नदी वाहते. नाव ओळखीचं वाटलं ना? तेच ते ट्रेंट ब्रिज, जिथे 2007 साली झहीर खानने इंग्लंडला गुंडाळून आपल्याला कसोटी जिंकून दिली. क्रिकेटवाले तिथे मैदान बघायला जातात, मी मात्र नदीवर बसले. कारण मावशीच्या शेजारचे आजोबा. कारखान्यातून रिटायर झालेले, पंच्याहत्तरीचे, आणि बार्बेलवेडे. नॉटिंगहॅमकडची जुनी माणसं प्रेमाने सगळ्यांना ‘डक’ म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला ‘डक’ म्हटलं तेव्हा मी वळून मागे बदक शोधलं होतं!

मासे गरवणं मला नवीन नव्हतं. सुट्टीत गावी गेले की आबांबरोबर खाडीवर जायचे. तंगूसचा दोरा, गळ, शिशाचा तुकडा आणि कोळंबी, एवढाच सरंजाम. इथे सगळा थाटच वेगळा. इंग्लंडात नदीतली ही मासेमारी 15 मार्च ते 15 जून बंद असते, 16 जूनला हंगाम उघडतो. त्याआधी सरकारी परवाना काढायचा. माझ्यासारख्या पाहुण्यांसाठी एक दिवसाचा आणि आठ दिवसांचाही मिळतो. आणि एवढं करून मासा पकडला, की परत पाण्यात सोडून द्यायचा! फोनवर आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मग पकडायचा कशाला गो?”

बार्बेल म्हणजे लांबट, सोनेरी-तपकिरी अंगाचा, तळाशी चरणारा मासा. तोंडाला चार मिशा. आपल्या महाशीर माशाचा लांबचा भाऊबंद म्हणा ना. वाहत्या पाण्यात वाढल्यामुळे अंगात ताकद प्रचंड. गळ लागला की सरळ प्रवाहात घुसतो, दगडांच्या आणि बुडालेल्या फांद्यांच्या आडोशाला पळतो. पाठीवरच्या पराचा पुढचा जाड काटा करवतीसारखा दातेरी असतो. अशा पैलवानासाठी दोरी निवडायची.

आजोबांनी डबा उघडला आणि माझ्यासमोर चार रिळं ठेवली. “इंजिनीअर ना तू? निवड.”

पहिलं साधं नायलॉन. स्वस्त, गाठ छान धरतं आणि ताणलं की थोडं लांबतं, त्यामुळे झटका सोसतं. पण भिजल्यावर पाणी शोषून थोडी ताकद गमावतं आणि उन्हाने म्हातारं होतं. दुसरं फ्लुरोकार्बन. पाण्याचा वक्रीभवनांक 1.33, याचा 1.42, नायलॉनचा त्याहून जास्त. म्हणून फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसतं. शिवाय वजनदार असल्याने तळाशी पडून राहतं. तिसरी विणलेली दोरी, ज्या पॉलिथीनच्या तंतूंची बुलेटप्रूफ जॅकेटं होतात त्यांची. बारीक असून ताकद सगळ्यात जास्त, आणि मऊ. चौथी तीच विणलेली, पण वरून प्लॅस्टिकचं कडक अस्तर चढवलेली, म्हणजे गुंता कमी.

मी ताबडतोब तिसऱ्यावर बोट ठेवलं. सगळ्यात जास्त टेन्साइल स्ट्रेंथ! विषय संपला.

आजोबांनी मान हलवली. ही दोरी अजिबात ताणली जात नाही, माशाचा प्रत्येक हिसका थेट गळावर येतो. दगडाच्या धारेवर ताणून घासली तर बारीक तंतू एकेक करून तुटतात. आणि ती माशाच्या अंगाभोवती गुरफटली तर त्यालाच कापते. “तू फक्त दोरीचा विचार करतेस, डक. दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे.”

मग त्यांनी त्यांचा हिशोब सांगितला. उन्हाळ्यात पाणी कमी आणि स्वच्छ असतं, मासा बुजरा असतो, तेव्हा लांब फ्लुरोकार्बन. पुराच्या गढूळ पाण्यात लपवायचं कुणापासून? तिथे आखूड आणि जाड दोरी चालते. पण एक नियम बारा महिने पाळायचा. रिळावरची मुख्य दोरी बारा पौंडी असेल, तर गळाजवळची हातभर दोरी दहा पौंडी. म्हणजे मुद्दाम कमजोर!

मला पटेना. साखळीत आपणहून कच्ची कडी कशाला घालायची?

उत्तर त्याच संध्याकाळी मिळालं. फ्लुरोकार्बनची दोरी मी स्वतः बांधली. घाईत गाठ कोरडीच ओढली. साडेनऊला सूर्य मावळता मावळता काठी एकदम नदीकडे वाकली. असा ओढा मी जन्मात अनुभवला नव्हता. रीळ किंचाळलं, मी घाबरून ते घट्ट धरलं, आणि... सगळं सैल.

दोरी गाठीत तुटली होती. मला रडूच कोसळलं. मासा गेला म्हणून नाही, तो माझा गळ तोंडात घेऊन गेला म्हणून.

आजोबा रागावले नाहीत. तुटकं टोक उजेडात धरून म्हणाले, “गळ बिनकाट्याचा आहे, बहुतेक तो झटकून टाकेल. वरची दोरी तुटली असती तर शिसं आणि वीस-तीस फूट दोरी घेऊन दगडात अडकून मेला असता. म्हणून ही कमजोर ठेवायची. कधी ना कधी तुटणारच. कुठे तुटावं, ते आधी ठरवायचं.”

म्हणजे फ्यूज! घरातला फ्यूज उडतो म्हणून तर वायरिंग जळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मावशीचा विमानतळाच्या बॅगा मोजायचा काटा घेतला, टेबलाच्या पायाला दोऱ्या बांधल्या आणि ओढत बसले. दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो. कोरड्या ओढलेल्या गाठी तीनच्या आसपास तुटत होत्या. थुंकी लावून हळू आवळलेल्या चारच्या जवळ जात होत्या. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि तिथेच दोरी कमजोर होते. दोष दोरीचा नव्हता, माझ्या घाईचा होता.

आता खरं सांगते. काटा ओढताना मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते. दोन दिवसांपूर्वी ऑनलाइन निकाल लागला होता. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सची केटी, दुसऱ्यांदा! (हो, स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सच. हसा आता.) घरी सांगितलं नव्हतं. ‘निकाल लेट आहे’ म्हणून ठोकून दिलं होतं. रात्र-रात्र झोप नव्हती. बाहेरून मी एकदम मजबूत, कुठेही ताण दिसू नये अशी, त्या तिसऱ्या रिळासारखी.

त्या रात्री बाबांना फोन केला. आधी शांतता. मग ते थोडे चिडले, मी थोडी रडले. शेवटी म्हणाले, “बरं, परत देशील. जेवलीस का?” दहा मिनिटांत एक छोटी दोरी तुटली आणि बाकी सगळं शाबूत राहिलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आजोबांच्या काठीला बार्बेल लागला, चारेक किलोचा. दोरी मी बांधलेली होती, भिजवून. जाळीत त्याचं तोंड प्रवाहाकडे करून मी त्याला पाण्यातच धरून ठेवलं. दमलेल्या माशाला श्वास परत येईपर्यंत असं धरावं लागतं. पाचेक मिनिटांनी शेपटीत जोर आला आणि तो हातातून निघून गेला.

आबांना सांगायला हवं, पकडायचा कशाला ते.

बाकी, केटी या वेळी सुटली. काठावर, पण सुटली! आणि हॉस्टेलमधल्या मंडळींनो, कुणाचा निकाल ‘लेट’ असेल तर आमच्या रूमवर या. चहा मिळेल, वडापाव मात्र रूममेटचे आहेत.