खडकाचा दोष नसतो तेव्हा

फायबरच्या मोटरबोटीच्या तळाला ओरखडे किंवा खोलगट डाग दिसले, की आपण खडकाला दोष देऊन मोकळे होतो. (खडक काय, बिचारा बोलत नाही.) पण डाग ट्रेलरच्या आधारपट्ट्यांच्या रेषेतच पडले असतील, तर संशय ट्रेलरवर घ्यावा. तो पाण्यात फार खोल नेला, की बोट पट्ट्यांवर टेकत नाही. वाऱ्याने सरकते आणि वर ओढताना तिरकी बसते. कमी बुडवला तर विंचवर ताण येतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच उतार पाहून ट्रेलर थोडाथोडा मागेपुढे करावा लागतो. मात्र पट्ट्या बोटीच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचत नसतील, तर इंजिनाचे वजन अधांतरी लोंबते आणि तळ वाकू शकतो. तिथे चालकाचे कसब कामाचे नाही. आधी टेप घेऊन तेवढे अंतर मोजा.