सुरांचे दफ्तर

देवगिरीच्या यादवांच्या दरबारी तेराव्या शतकात शार्ङ्गदेव नावाचा जो पंडित होऊन गेला, त्याची कीर्ती ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथामुळे हिंदुस्थानभर पसरली असली, तरी तो सिंघणराजाच्या पदरी हिशेबखात्याचा प्रमुख होता, ही गोष्ट संगीतप्रेमी मंडळींच्या सहसा ध्यानी नसते. त्याच देवगिरीच्या पायथ्यापासून तासाभराच्या आत येणाऱ्या छत्रपती संभाजीनगरात, राहत्या घराच्या एका खोलीत ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचे हे दुसरे पद अधिक जवळचे वाटते. कारण संगणकासाठी डिस्क निवडताना संगीताच्या जाणकारीपेक्षा जमाखर्चाची नजरच अधिक उपयोगी पडते.

सल्ला विचारायला येणारे तरुण पहिला प्रश्न हटकून वेगाचा करतात. वस्तुतः २४ बिट व ४८ किलोहर्ट्झ या मानाने एका मायक्रोफोनचा आवाज सेकंदाला १,४४,००० बाइट, म्हणजे तासाला सुमारे ५२० एमबी जागा घेतो. गायक, पेटी, डग्गा-तबला, तानपुरे आणि टाळ मिळून आठ ट्रॅक एकदम मुद्रित केले, तरी सेकंदाला सव्वा एमबी भरत नाही. फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्कसुद्धा सेकंदाला शंभर एमबी सहज लिहिते, साटा जातीची एसएसडी साडेपाचशेच्या घरात जाते आणि एनव्हीएमई हजारांत बोलते. तेव्हा निव्वळ मुद्रणासाठी वेग विकत घेणे म्हणजे पाटावर भागत असता धरण बांधण्यासारखे आहे. अपवाद एवढाच, की जे सॅम्पल लायब्ररीतून सतारी आणि व्हायोलिनांचे ताफे वाजवतात, त्यांची डिस्क एकाच क्षणी शेकडो बारीक तुकडे शोधत असते. तबकडीवरील शीर्षाला प्रत्येक तुकड्यापाशी पोहोचण्यास दहा-दहा मिलिसेकंद लागत असल्यामुळे तेथे एसएसडीवाचून गत्यंतर नाही.

तथापि मी स्वतः एसएसडी घ्यावयास सांगतो, त्याचे कारण निराळे आहे. मे महिन्यात, कूलर व पंखा दोन्ही बंद करून, घामाच्या धारा पुसत गायक आलापीला बसला, की तानपुऱ्याची जवारी विरत जाताना खोलीत जे काही उरते ते सारे कंडेन्सर मायक्रोफोन इमानेइतबारे टिपून घेतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते आणि त्याच कंपनसंख्येची बारीक घुमणी टेबलाच्या लाकडातून पसरते. काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या मंद्र कोमल निषादाशेजारी, पण त्याहून चांगलाच उतरलेला असा हा आगंतुक स्वर पुढे कोणत्याही उपायाने स्वच्छ निघत नाही. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने हा उपद्रव मुळातच टळतो.

पैठणच्या नाथषष्ठीचे कीर्तन किंवा खुलदाबादच्या उरुसातील कव्वाली टिपणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. साध्या वेव्ह फाइलची मर्यादा चार जीबीची असून, ९६ किलोहर्ट्झवरचे दोन ट्रॅकांचे मुद्रण दोन तास चार मिनिटांच्या सुमारास तेथे येऊन ठेपते. काही यंत्रे आपण होऊन दुसरी फाइल उघडतात, काही मुकाट्याने थांबतात, आणि बुवा ऐन रंगात आलेले असतात! आपले यंत्र कोणत्या जातीचे आहे, याची खातरजमा घरीच करून घ्यावी.

जतनाचा हिशेब मात्र उलटा आहे. एसएसडीत नोंद विद्युत्भाराच्या रूपाने असते आणि वीज न देता ठेवल्यास तो भार हळूहळू गळतो. लिहून लिहून आयुष्य संपत आलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश तपमानात, विजेविना, वर्षभर मजकूर राखावा, एवढीच या उद्योगातील मानकाची अपेक्षा आहे. आमच्याकडील उन्हाळ्यात बंद कपाट ३० अंशांवर राहील, अशी हमी कोण देणार? म्हणून ठेवणीतल्या प्रतींसाठी मी अद्याप साधी हार्ड डिस्कच पसंत करतो, आणि तीही एक नव्हे, दोन. त्यांपैकी एक दुसऱ्या घरी, शक्य तर दुसऱ्या गावी. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली आणि पुढे यादवांचे राज्यही बुडाले. पण ‘संगीतरत्नाकर’ तोवर प्रतींच्या रूपाने दूरवर पोहोचला होता, आणि पंधराव्या शतकात कल्लिनाथाने त्यावर टीका लिहिली ती विजयनगरात बसून.

सबब, खर्चाची तजवीज करताना दोन टीबीच्या महागड्या एनव्हीएमईचा मोह सोडून पाचशे जीबीची साधी एसएसडी घ्यावी आणि उरलेल्या पैशांत दोन हार्ड डिस्का व एक यूपीएस बसवावा. लिहिणे चालू असता वीज गेल्यास कोणतीही डिस्क धन्याची भीडमुर्वत ठेवत नाही. प्रत ठेवताना प्रत्येक ट्रॅक आरंभापासून सलग काढून साध्या वेव्ह स्वरूपात ठेवावा, कारण आजच्या प्रोग्रॅमची फाइल दहा वर्षांनी उघडेलच असे नाही. आणि सोबत राग, ताल, कलावंत, तारीख व षड्जाची पट्टी यांची यादी साध्या मजकुरात लिहून ठेवावी, नाहीतर ‘ऑडिओ झिरो वन’ नावाच्या शंभर फाइलींतून मारवा कोणता आणि पूरिया कोणता, हे एकेक ऐकून ठरवीत बसावे लागते.