एका डॉलरचे मोल

बर्फावरील हॉकीत आघाडीचे तीन खेळाडू जेमतेम पाऊण मिनिट धावतात आणि खेळ न थांबता पुढच्या तिघांना जागा देतात. अशा चार तुकड्या असतात. गोलांचे यश बहुधा पहिल्या दोन तुकड्यांना लाभते. उरलेल्यांच्या वाट्याला येते ती धाव, धडक आणि कोपऱ्यातील झटापट.

१९९३ मध्ये विनिपेगच्या संघाने क्रिस ड्रेपर हा आपला खेळाडू डेट्रॉइटला अवघ्या एका डॉलरला देऊन टाकला. पुढे कर्क माल्टबी आणि जो कोसर यांच्यासह त्याची जी तुकडी जमली, तिला ‘ग्राइंड लाइन’, म्हणजे दळणाऱ्यांची तुकडी, असे नाव पडले. ते सार्थच होते. जात्याच्या फेऱ्यासारखे त्यांचे काम एकच : चकती प्रतिस्पर्ध्याच्या टोकाला अडकवून ठेवायची, त्याचे बचावपटू दमवायचे आणि तेवढ्यात स्टीव्ह आयझरमनसारख्या नामवंतांना श्वास घेऊ द्यायचा. १९९७ मध्ये डेट्रॉइटने ४२ वर्षांनंतर स्टॅनली चषक जिंकला.

कीर्तनात बुवा क्षणभर विसावतात तेव्हा टाळकरी धृपद धरून ठेवतात आणि रंग टिकतो. बर्फावर याहून वेगळे काही घडत नाही. मात्र गुणफलक झालेलाच गोल मोजतो. न होऊ दिलेल्या गोलाची नोंद कोण ठेवणार? ड्रेपरला बचावनिपुण आघाडीपटूचा सेल्की पुरस्कार मिळाला तो २००४ मध्ये. किंमत एका सौद्यात ठरली होती. मोल कळायला अकरा वर्षे जावी लागली.