ठिपका धौलपूरजवळ

१.
ऑक्टोबर २०२५. सकाळच्या पेपरात बातमी : मारीच परतला.

मारीच हे युरेशियन ग्रिफन जातीचे गिधाड. जानेवारीत सतना जिल्ह्यात जखमी सापडले. आधी मुकुंदपूरला, मग भोपाळच्या वनविहारात उपचार झाले. २९ मार्चला हलाली धरणावरून त्याला सोडले, पाठीवर उपग्रहाशी बोलणारा टॅग बांधून. पाकिस्तान, अफगाणिस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तान. उन्हाळा तिकडेच काढला. आता राजस्थानात उतरले आहे आणि नकाशावरचा ठिपका धौलपूरकडे, चंबळेच्या काठाने दिसतो आहे.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरापासून धौलपूर साधारण पासष्ट किलोमीटर.

२.
मारीच म्हणजे सोन्याचे हरीण होऊन रामाला दूर दूर नेणारा. नाव ठेवणाऱ्याला पुढचे सगळे आधीच ठाऊक असावे.

३.
बाज पाळणारे लोक पक्ष्याच्या पायाला घुंगरू बांधत. शिकारीमागे झाडीत शिरलेला पक्षी दिसत नाही. तो भक्ष्यावर बसून पिसे उपटू लागला की घुंगरू वाजते आणि माणूस आवाजाच्या रोखाने जातो. लाहोरची घुंगरे यासाठी नावाजलेली होती, युरोपातले बाजदारही ती मागवत. पायातल्या दोन घुंगरांचा सूर वेगवेगळा असावा, असे जाणकार सांगत. म्हणजे आवाज लांब जातो.

आजचे बाजदार शेपटीच्या पिसाला छोटा ट्रान्समीटर लावतात. घुंगरूही ठेवतात.

४.
आंतरीला अबुल फजलची कबर. ग्वाल्हेरहून दक्षिणेला, झाशीच्या वाटेवर. १६०२ मध्ये त्याच भागात त्याला मारले. त्याच्या ‘ऐन-ए-अकबरी’त बादशहाच्या शिकारी पक्ष्यांचे दर दिले आहेत, जातीवार. कबरीपाशी गेलो तेव्हा वर दोन घारी फिरत होत्या.

५.
१९७४ च्या शरदात बिल कॉक्रन नावाच्या अमेरिकन माणसाने विस्कॉन्सिनमध्ये एका बहिरी ससाण्याला रेडिओ लावला आणि गाडी काढली. टपावर अँटेना. ससाणा दक्षिणेला निघाला, त्याच्यामागे हा. मेक्सिकोपर्यंत गेला.

उपग्रह नाही, मोबाइल नाही. आवाज ऐकू येतो तोवर पक्षी आपला.

६.
भाची कॅलिफोर्नियात असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या पुलापलीकडच्या टेकड्यांवर, गोल्डन गेट रॅप्टर ऑब्झर्व्हेटरीत, ती शरदात स्वयंसेवक म्हणून जाते. तिथले बहुतेक काम स्वयंसेवकच करतात : मोजणे, कडी घालणे आणि काही वर्षी रेडिओ लावलेल्या बाजामागे गाडीने धावणे. रविवारी फोनवर तिने ते कसे चालते ते समजावून सांगितले. जसे समजले तसे लिहून ठेवतो.

टॅग साधारण सेकंदाला एक ‘टिक’ सोडतो. प्रत्येक पक्ष्याची फ्रिक्वेन्सी वेगळी. हातात माशाच्या काट्यासारखी अँटेना. ती गोल फिरवायची. टिक सर्वांत मोठी ऐकू येईल तो पक्ष्याचा रोख. होकायंत्रावर अंश वाचायचा आणि नकाशावर रेघ मारायची. त्याच वेळी दुसरी गाडी दहा-पंधरा मैलांवरून आपली रेघ मारते. दोन रेघा कापतात तिथे पक्षी. तिसरी रेघ मिळाली तर एक छोटा त्रिकोण होतो, आणि पक्षी त्या त्रिकोणात कुठेतरी असतो.

टेकडी मध्ये आली की आवाज बंद. पक्षी उंच घिरट्या घालत असला तर कितीतरी मैलांवरून ऐकू येतो. तोच ओढ्यात उतरून बसला तर एका वळणापलीकडून येत नाही. म्हणून एक गाडी पक्ष्याच्या पुढे जाऊन उंच जागा धरते, दुसरी मागे राहते. मग दोघींची अदलाबदल.

“मामा, सगळ्यात वाईट वेळ कुठली माहितीये? दुपारभर टिक टिक टिक आणि एकदम काहीच नाही. मग गाडीत कोणी बोलत नाही.”

“मग करता काय?”

“शेवटचा आवाज जिथे आला तिथे परत जातो.”

७.
बाज त्या टेकड्यांवर गोळा होतात कारण पुढे समुद्राची खाडी आहे. पाण्यावर गरम हवा वर चढत नाही, आणि पंख न हलवता तरंगणाऱ्या पक्ष्याला तीच लागते. म्हणून ते काठावर घुटमळतात. तिथेच त्यांना मोजता येते.

अमूर ससाणा मात्र अरबी समुद्र एका दमात पार करतो.

८.
पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांहून जड ओझे त्याच्यावर घालू नये, असा ढोबळ नियम. अमूर ससाण्याचे वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. त्याचे तीन टक्के साडेचार ग्रॅम. २०१३ मध्ये नागालँडात लावलेला टॅग पाच ग्रॅमचा होता.

स्वयंपाकघरात पोह्याचा एक चमचा तोलून पाहिला. पाच ग्रॅम हातात कळतसुद्धा नाहीत. पण मी काही अमूर ससाण्यासारखा सोमालियाला निघालेलो नाही.

९.
२०१२ चा ऑक्टोबर, नागालँडातला दोयांग जलाशय. आपला पक्षी-अभ्यासक शशांक दळवी तिथे गेला होता, रामकी श्रीनिवासन, बानो हारालू आणि रोकोहेबी कुओत्सू यांच्याबरोबर. जाळ्यांत अडकलेले, सोललेले, काठ्यांना टांगून बाजाराला निघालेले अमूर ससाणे. हंगामात लाखाहून जास्त मारले गेल्याचा त्यांचा अंदाज होता. चित्रफीत जगभर गेली.

२०१३ च्या हंगामात पांग्ती गावच्या लोकांनी एकही ससाणा मारला नाही. जाळी त्यांचीच होती, कमाई त्यांची होती, आणि थांबलेही तेच.

त्याच नोव्हेंबरात भारतीय वन्यजीव संस्थेने तीन पक्ष्यांना टॅग लावले. नावे ठेवली नागा, वोखा आणि पांग्ती. पुढे दक्षिण आफ्रिकेतला ठिपका नागालँडच्या एका खेड्याच्या नावाने हलत होता, आणि तो कुठे पोचला हे त्या खेड्यातले लोक विचारत होते. मला या सगळ्या विषयात याहून मोठी गोष्ट दिसत नाही.

१०.
अमूर ससाणे मध्य भारतावरून येऊन आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून समुद्रावर निघतात. लोणावळ्याला नोव्हेंबर-डिसेंबरात काही दिवस दिसतात. समुद्रावर ते काय खात असतील? एक तर्क असा की त्याच वाऱ्यावर त्याच सुमारास चतुरही समुद्र ओलांडत असतात.

पिवळा चतुर. पावसाळ्यानंतर आमच्या अंगणात ढिगाने असायचे. लहानपणी त्यांच्या शेपटीला दोरा बांधत असू.

११.
कुनोचे राष्ट्रीय उद्यान. ग्वाल्हेरहून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. २०२३ च्या जुलैत निर्वा नावाच्या चित्तीणीच्या गळ्यातली कॉलर बंद पडली. शंभराहून जास्त माणसे, ड्रोन, श्वानपथक. तीन आठवड्यांनी, १३ ऑगस्टला, ती सापडली.

त्याच पावसाळ्यात इतर चित्त्यांच्या कॉलरखाली जखमा झाल्या होत्या, किडे पडले होते. कॉलर काढाव्या लागल्या. जुलैतल्या त्या बातम्या वाचून दोन दिवस जेवण गेले नाही. जे बांधले ते बरे व्हावे म्हणूनच बांधले होते.

१२.
स्वेन्सनचा बाज. उन्हाळा उत्तर अमेरिकेत, हिवाळा अर्जेंटिनात. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात ब्रायन वुडब्रिज हा अभ्यासक वर्षानुवर्षे त्यांची घरटी पाहत होता. काही वर्षी नेहमीपेक्षा कमी पक्षी परतू लागले. घरट्याजवळ शोधून काही कळेना. १९९४ मध्ये त्याने दोन बाजांना उपग्रह-टॅग लावले. ठिपके अर्जेंटिनाच्या पंपास मैदानात जाऊन थांबले.

१९९५ च्या जानेवारीत तो स्वतः तिथे गेला. पक्षी झाडांखाली पडलेले होते, शेकड्यांनी. शेतकरी नाकतोड्यांवर औषध मारत होते. बाज नाकतोडे खात होते, फवाऱ्यातच उतरून. पुढच्या हंगामात मेलेल्यांचा अंदाज वीस हजारांपर्यंत गेला. औषधाचे नाव मोनोक्रोटोफॉस. अर्जेंटिनाने नंतर त्यावर बंदी आणली.

टॅगने त्याला फक्त मैदान दाखवले. झाडाखाली वाकून पाहायला माणूस गेला.

१३.
यवतमाळ, २०१७. कापसावर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले. राज्याने त्यानंतर ज्या औषधांची विक्री तात्पुरती थांबवली, त्यांत मोनोक्रोटोफॉस होते.

आपल्याकडे विषालाही ‘औषध’च म्हणतात. ‘औषध मारले.’ ‘औषध घेतले.’

१४.
गिधाडे कशाने मरतात ते टॅगने नाही कळले. लिंडसे ओक्स या पशुवैद्याने पाकिस्तानात मेलेली गिधाडे फाडून पाहिली. मूत्रपिंडे पांढरी पडली होती. कारण, गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. २००४ मध्ये ते छापून आले, २००६ मध्ये भारताने गुरांसाठी त्यावर बंदी घातली.

लहानपणी गावाबाहेर मेलेल्या गुराभोवती गिधाडांची रांग असे. माझ्या मुलाने ती पाहिलेली नाही.

१५.
रशियातल्या काही अभ्यासकांनी गवताळ प्रदेशातल्या गरुडांना एसएमएस पाठवणारे टॅग लावले. २०१९ मध्ये ‘मिन’ नावाची मादी उन्हाळाभर कझाकस्तानात मोबाइल टॉवरच्या टप्प्याबाहेर राहिली. मग थेट इराणात गेली आणि साठलेले सगळे निरोप तिथून, परदेशी दराने, एकदम पाठवले. पैसे संपले. लोकांनी ‘गरुडाचा मोबाइल भरा’ म्हणून वर्गणी काढली, ती जमलीही, आणि मोबाइल कंपनीने बिल सोडून दिले.

हे वर्गणी देणारेही एक प्रकारे स्वयंसेवकच.

१६.
तिघरा धरणाच्या वाटेवर मोहरीचे शेत, फुललेले. पिवळ्यावर हातभर उंचीवरून एक भोवत्या, पंखांचा उथळ ‘व्ही’, शेताच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. पांढुरका नर असावा. शेतकऱ्याला विचारले, हा कधीपासून येतो?

“ये तो हर साल आता है, भाईसाब. दिवाली के बाद.”

कुठून येतो, असे त्याने मला विचारले. मी म्हटले, कझाकस्तान किंवा त्याच्याही वर. तो बराच वेळ पक्ष्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, इधर चूहा बहुत है.

१७.
रविवार. आग्रा रस्त्याने चंबळेच्या पुलापर्यंत. खाली वाळूवर दोन घडियाल, मगर नाही. ऊन तापल्यावर साडेदहाला खोऱ्यांवर गिधाडे चढू लागली. दुर्बीण असूनही पाठीवरचे यंत्र एवढ्या उंचीवर दिसत नाही. शेवटची टिक जिथे ऐकू आली तिथे परत जातात, असे भाची म्हणाली होती. बारापर्यंत थांबलो.

सात मोजली. सातही लिहून घेतली.