ब्रँडनची काळी गार

केंब्रिजहून नॉरिचकडे जाणारी आगगाडी इली शहर मागे टाकून पुढे निघाली, की दलदलीतून उपसून काढलेल्या काळ्याभोर जमिनीचा सपाट मुलूख हळूहळू सरतो आणि वाळूमिश्रित, नापीक, पाइनच्या रानांनी व्यापलेला ब्रेकलँडचा प्रदेश सुरू होतो. या प्रदेशात, सफक आणि नॉरफोक परगण्यांच्या सरहद्दीवरून वाहणाऱ्या लिटल ऊझ नदीच्या काठी, ब्रँडन हे लहानसे गाव वसलेले आहे. घरांच्या आणि कुंपणांच्या भिंतींत बसवलेली, बाहेरून पांढरी साल आणि आतून काजळासारखा चकाकणारा गाभा असलेली गार पाहिली, की या गावाची सारी दौलत जमिनीखाली होती हे सांगावे लागत नाही. युरोपातील रणांगणांवर ज्या काळी चकमकीची बंदूक चालत होती, त्या काळी इंग्रजी फौजेला लागणाऱ्या दगडांचा मुख्य पुरवठा या एका गावाने केला.

आपल्याकडील तोड्याच्या बंदुकीला जळती वात सदैव जपावी लागे. पावसात ती विझे, रात्री तिचा निखारा शत्रूला ठावठिकाणा सांगे. चकमकीच्या बंदुकीने ही वात काढून टाकली. घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या किंवा शिशाच्या पट्टीत आवळून धरलेला दगड चाप ओढताच पोलादी पात्यावर घासत जाई, त्या घर्षणाने ठिणग्या रंजकावर पडत आणि बार उडे. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या दि बॉयन या युरोपीय सेनानीने उभारलेल्या कवायती पलटणींच्या हाती हीच बंदूक होती, आणि १८०३ साली असईच्या रणात त्यांच्यासमोर उभ्या ठाकलेल्या कंपनी सरकारच्या पायदळाकडेही हीच.

ब्रँडनपासून थोड्या अंतरावर ग्राइम्स ग्रेव्हज नावाचे माळरान आहे. तेथे चारशेहून अधिक खळगे दिसतात, आणि ते सारे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या खाणींची बुजलेली तोंडे होत. एका खाणीत उतरता येते. वरचे निकृष्ट थर सोडून, खडूच्या पांढऱ्या खडकात खोलवर दडलेल्या उत्तम काळ्या थरापर्यंत पोचण्यासाठी त्या प्राचीन माणसांनी सांबराच्या जातीच्या हरणाची शिंगे कुदळीसारखी वापरली. १८७० साली कॅनन ग्रीनवेल या धर्मोपदेशकाने येथे उत्खनन केले, तेव्हा एका ढासळलेल्या बोगद्यात सापडलेल्या शिंगावर खडूच्या लेपात खाणकऱ्याच्या बोटांचे ठसे जसेच्या तसे उमटलेले होते. ब्रँडनचे खाणकरी याच आदिम खाणकऱ्यांचे अखंड वारस होत, असे गेल्या शतकात कित्येकांनी मानले. पुरातत्त्वज्ञांना ते मान्य नाही, आणि मधली हजारो वर्षे पाहता मलाही ते पटत नाही. परंतु दोघांनीही त्याच थराचा शोध घेतला, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे.

खाणीतून आलेल्या गोट्यावर तीन संस्कार होत. पहिला कारागीर डाव्या गुडघ्यावर चामड्याची जाड गादी बांधून तिच्यावर तो गोटा ठेवी आणि जड हातोड्याच्या बेताच्या टोल्यांनी त्याचे सपाट तोंडाचे तुकडे करी. दुसरा अणकुचीदार हातोड्याने त्या तुकड्याच्या कडेवर नेमक्या जागी आघात करी, आणि खोबऱ्याच्या कापेसारखी एक लांबट, निमुळती पट्टी सुटून येई. सारे कौशल्य येथे होते. आघात आधीच्या दोन पट्ट्यांनी मागे ठेवलेल्या दोन कंगोऱ्यांच्या अनुरोधाने पडला, तर नव्या पट्टीच्या पाठीवर दोन समांतर कंगोरे येत आणि त्यांच्यामध्ये सपाट पाठ मिळे. चुकून एकाच कंगोऱ्यावर पडला, तर पाठ उंच, कुबडी निघे. सपाट पाठीचा दगड घोड्याच्या जबड्यात घट्ट बसतो, वरखाली हलत नाही आणि पात्यावर सरळ कोनात आदळतो; कुबड असलेला दगड पहिल्या काही बारांतच सैल होऊन तिरका फिरतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वी इंग्लंडात सुट्या ढलप्यांचे पाचरीसारखे दगड सर्रास वापरले जात. पट्ट्या काढण्याची ही पद्धत फ्रान्समध्ये आधी परिपूर्ण झाली, आणि ल्वार-ए-शेर प्रांतातील मन गावी त्या धंद्याचे संग्रहालय आजही आहे. तिसरा कारागीर ती पट्टी लाकडी ठोकळ्यात रोवलेल्या लोखंडी कडेवर धरून बारीक हातोडीने तोडी, आणि पल्लेदार बंदुकीसाठी, घोडदळाच्या लहान बंदुकीसाठी, पिस्तुलासाठी असे वेगवेगळ्या मापांचे चौकोनी दगड तयार करी. एका संग्रहालयात मी सपाट पाठीचे आणि कुबड असलेले असे दोन्ही प्रकारचे दगड हाती घेऊन पाहिले. सपाट दगड बोटांत चिमटला असता जो निश्चल बसतो, त्यात एका पिढीच्या हाताची शिस्त आहे, आणि मला ती तोफखान्याच्या साऱ्या वैभवापेक्षा आदरणीय वाटली.

या आदराला एक दुःख जडलेले आहे. प्रत्येक टोल्यासरशी उडणारी सूक्ष्म, धारदार धूळ कारागिराच्या फुप्फुसांत साचत जाई. त्यातून जडणारा सिलिकोसिस हा या पेशाचा ठरलेला व्याधी होता. कित्येक घराण्यांत बाप, मुलगा आणि भाऊ त्याच हातोड्यांवर काम करीत त्याच खोकल्याने गेले. लढायांच्या बखरींत त्यांना जागा मिळाली नाही. ती मिळावयास हवी होती, असे मला मनापासून वाटते, कारण सैनिकाच्या बंदुकीचा बार उडणे वा न उडणे त्यांच्या हातावर अवलंबून होते.

स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फॉर्साइथ या पाद्र्याने १८०७ साली स्फोटक मसाल्याच्या आघाताने बार उडविण्याच्या युक्तीचा परवाना मिळविला, तिच्यातून पुढे तांब्याची टोपी आली, आणि १८४०च्या सुमारास इंग्रजी फौजेने चकमक सोडली. ब्रँडनचा धंदा मात्र तत्काळ बुडाला नाही. आफ्रिकेच्या बाजारांत चकमकीच्या बंदुका खपत होत्या, म्हणून या गावातून विसाव्या शतकातही दगडांच्या गोणी बाहेर जात राहिल्या. आणि जुन्या शस्त्रांची हौस बाळगणारे नेमबाज अजूनही या काळ्या, सपाट पाठीच्या दगडाची मागणी करतात.