रद्दीत गेलेले केसपेपर

माहेर नांदेड, शिक्षण अंबाजोगाई, दवाखाना लातूर. बायकांची डॉक्टर म्हणून तीसेक वर्षं झाली. त्यातली पहिली बारा-तेरा वर्षं मी एकच पालुपद लावलं होतं : मराठवाड्याला संशोधन नको, मशीन द्या.

वर्षभर ‘अंगावरून जातंय’ हे घरात कुणाला न सांगितलेली बाई यायची. तपासताना हाताला गाठ लागायची आणि मी मुंबईची चिठ्ठी लिहून द्यायचे. त्यातल्या किती जणी टाटा रुग्णालयापर्यंत पोचल्या, मी कधी विचारलं नाही. अशात एक मुलगा उस्मानाबाद जिल्ह्यातल्या कॅन्सर रुग्णांच्या नोंदी मागायला आला. त्याला तासभर बाहेर बसवलं आणि वर सुनावलं, “मेलेल्या बाया मोजून काय करणार? जित्यांना औषध द्या.” हे वाक्य मला इतकं आवडलं होतं, की पुढे चारचौघांतही ऐकवायचे.

2009 साली त्या मोजदादीचा निकाल छापून आला. 1999 पासून उस्मानाबाद जिल्ह्यात (1982 पर्यंत लातूरही त्यातच होतं, म्हणजे आमच्याच बायका) 30 ते 59 वयाच्या 1,31,746 जणी. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, टाटा आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचं हे काम. गावांचे 52 गट. काही गटांत एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पेशी तपासणारी पॅप चाचणी, काहींत अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं. उरलेल्यांना नेहमीचीच सरकारी सेवा. आठ वर्षांत एचपीव्ही गटात गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं 34 जणी गेल्या, तपासणी न झालेल्या गटात 64. दोन्ही गट जवळपास सारखेच मोठे, आणि तपासणी एकदाच केलेली. मी ज्या पॅपच्या भरवशावर होते, त्यानं मृत्यू फारसे घटले नव्हते.

मग बार्शीचं जुनं काम वाचलं. तिथली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 पासूनची, देशातली पहिली. कार्यकर्ते बार्शी, परांडा, भूममधल्या गावोगाव फिरायचे. रुग्ण शोधायचे तर लक्षणं सांगावी लागत. ती सांगता सांगता काही वर्षांत बायका आजार वाढायच्या आधीच येऊ लागल्या. मोजायला गेलेल्यांनी ते केलं, जे माझ्या चिठ्ठीनं केलं नव्हतं.

तरी तो चौथा, तपासणी न झालेला गट मला अजून टोचतो. कॅन्सर आधी पकडता येतो हे माहीत असताना तीस हजारांवर बायकांना तपासणीविना ठेवलं, यावर परदेशातही टीका झाली, आणि ती मला खोटी वाटत नाही. पण ती टीका मी कोणत्या तोंडानं करू? माझ्या टेबलावर आलेल्या बहुतेक जणी त्याच गटातल्यासारख्या होत्या.

गेल्या वर्षी नांदेडहून एक मुलगी प्रबंधासाठी माझे जुने केसपेपर मागायला आली. तिला बाहेर बसवलं नाही, चहा दिला. 2009 नंतरच्या वह्या काढून दिल्या, गावाचं नाव, वय, टप्पा, पुढे काय झालं, सगळं लिहिलेल्या. त्याआधीचे कागद तिनं दोनदा विचारले. ते मी दर दिवाळीला रद्दीवाल्याला किलोवर घालत होते.